मेलेल्या मुलाच्या हातचं पाणी

आमच्या मंडळीचे नवे पाळक तरुण आहेत, भले आहेत, आणि त्यांचा आवाज गोड आहे. ते मला म्हणाले, "आजी, तुम्ही ख्रिस्ती कशा झालात ते लिहून काढा, लेकरांना वाचून दाखवू. पण जरा प्रीतीनं लिहा." म्हणजे राग काढून लिहा. आता राग काढला तर त्या दिवसांतलं माझ्याकडे उरतं काय? अंबाडीची भाजी उरेल, मायचा आवाज उरेल, आणि ते दोन्हीही रागातच गुंडाळलेलं आहे. तेव्हा लिहिते, पण मला येतं तसं. लेकरांना दाखवायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं गाव. आम्ही माळी. विहिरीला पाणी बारमाही, त्यामुळे आमच्या वावरात वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाबांधाने झेंडू. बा मोट हाकायचा तेव्हा चाकाचा कुरकुर आवाज घरापर्यंत यायचा आणि त्या आवाजावरून मायला कळायचं, आता भाकर टाकायला घ्यावी. बाजाराच्या दिवशी माय टोपलं डोक्यावर घेऊन अमरावतीच्या परकोटाच्या आत भाजी विकायला जायची आणि येताना माझ्यासाठी फुटाणे आणायची. माझं लग्न अंगावर झबलं-टोपडं असतानाच लागलं होतं, आणि नवरा देवीच्या साथीत गेला. त्याचं तोंड मी पाहिलं असेल तर मला आठवत नाही. म्हणून मी माहेरीच होते, मायच्या पाठीपाठी, आणि खरं सांगायचं तर सुखात होते. माझ्याहून मोठा एक भाऊ, किसनादादा. घरात एवढीच माणसं. तूरडाळीचं वरण, भाकर, ठेचा, आणि ज्या भाजीला त्या दिवशी गिऱ्हाईक लागलं नाही ती भाजी.

मग कापूस आला. कापूस आधीही होताच, पण तो कोरडवाहू वावरात, आपल्या जागी. समुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे हात पसरू लागल्या. गावात ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती त्याच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. बाने एके दिवशी वांग्याची उभी झाडं उपटली. फळं लागलेली होती, कोवळी, जांभळी, अजून काटे न टोचणारी. माय त्या उपटलेल्या ढिगात बसून एकेक वांगं खुडत होती आणि बाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला शिव्या देत होती. झेंडूही गेला, मेथीही गेली. मोटेच्या चाकाऐवजी घरात सरकी काढायच्या चरखीचा करकर आवाज सुरू झाला तो दिवसभर. आम्ही झोपत होतो त्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. भाकरीत तंतू, वरणात तंतू, नाकात तंतू. आणि बा, जो आजवर पाटलाच्या ओट्याखाली उकिडवा बसायचा, त्याला पाटलाने ओट्यावर बोलावून बसवलं. माझ्या मते आमचा घात तिथे झाला. उपाशी माणसाला सांभाळता येतं, पण नव्याने मान मिळालेल्या माणसाला सांभाळणं देवालाच जमेल.

दादा गाडी घेऊन कधी अमरावतीला, कधी पार अकोल्याला जायचा. फार बोलका नव्हता. बैलाच्या मानेला जू घासलं तर स्वतः हळद-तेल लावून रात्रभर जागेल, असा माणूस. अकोल्याला कापसाच्या अड्ड्याजवळ एक गोरा पाद्री झाडाखाली उभा राहून बोलायचा. त्याला आम्ही पुढे नुसतं साहेब म्हणत असू, मीही तेच म्हणते. गाड्या रिकाम्या व्हायला वेळ लागे, तेवढ्या वेळात दादा ऐकत बसे. एकदा जेवताना त्याने मायला सांगितलं, "माय, तो साहेब म्हन्ते, देव मानसावर जीव लावते तो मानूस चांगला हाय म्हनून नाई. लावते म्हनून लावते."

मायने विचारलं, "आन मांगते काय?"

"काईच नाई."

"कोंबडं नाई, नारय नाई?"

"काईच नाई म्हन्ते."

"मंग तो देव कशाचा? आपला मसोबा बरा. कोंबडं घेते आन गप बसते," माय म्हणाली आणि आम्ही तिघंही हसलो. बा ओट्यावर होता म्हणून, नाहीतर हसणं तिथेच आटपलं असतं.

दादा मात्र त्या बोलण्यात अडकला. पुढे सगळं व्हायचं तसं झालं. साहेबाने त्याला शिकवलं, प्रार्थना करायला लावली, आणि देवाचं प्रेम फुकट आहे, त्याला मोल नाही, अट नाही, हे पुन्हा एकदा समजावून झाल्यावर कात्री मागवली. शेंडी कापल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. दादाने हे पुढे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. देवाच्या दारात उभा राहून हा माणूस जकात कसली वसूल करतो, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आता आमच्यात कोणी शेंडी कापायला सांगत नाही, पण दुसरं काही ना काही सांगतातच. माणसाला दाराशी उभं केलं की त्याचा हात आपोआप पुढे होतो.

दादा घरी आला, जेवायला बसताना पागोटं काढलं, आणि मायच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली. त्याने काही लपवलं नाही. बाने मारलं नाही, ओरडलाही नाही. नुसतं म्हणाला, "भाकर खाऊन घे आन जाय." दादा न खाता गेला. मग जातीचे पंच बसले. जात टिकवायची तर पोरगा मेला असं समजून त्याचे दिवस घाला, नाहीतर तुम्हीही त्याच्यासोबत जा, असा निवाडा झाला. पुतळा करायचा होता, जाळायला. त्याचं पीठ बाने मायला मळायला लावलं. ज्या परातीत ती आमच्या भाकरी थापायची त्याच परातीत तिने आपल्या जित्या मुलाचे हातपाय केले. मी समोर बसले होते. तिने डोकं केलं आणि त्याला कान करायला विसरली, मग पुन्हा दोन बोटांनी चिमटून कान केले. पेढी नदीच्या काठी तो पुतळा जाळला. बा रडत होता, लोकांनी त्याला धरून ठेवलं होतं इतका रडत होता, आणि रडत रडतच त्याने अग्नी दिला. लोक आजवर मला सांगत आले, तुझ्या बापाचं पोरावर फार प्रेम होतं ग, किती रडला तो. असेल. जाळता जाळता रडणाऱ्यापेक्षा मला न रडणारा आणि न जाळणारा बाप चालला असता.

तेराव्याचं जेवण झालं. घरात दादाचं नाव बंद झालं. त्याची घोंगडी गावकुसाबाहेर टाकली. माय त्यानंतर हळूहळू उतरत गेली. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. वैद्याने काढे दिले. ती भाकर अर्धी खायची, मग चतकोर, मग नुसतं ताक. पुढचा कापूस घरात आला तेव्हा ती खाटेवरून उठत नव्हती, आणि चरखीचा आवाज सोसत नाही म्हणून कानात कापसाचे बोळे घालून पडायची. एके दिवशी मला जवळ बोलावून म्हणाली, "सगुने, माया तोंडात शेवटचं पानी किसनानंच टाकलं पायजे व. एकुलता पोरगा हाय. त्याच्या हातचं नाई भेटलं तं मी तहानेली फिरीन." मी अकोल्याला जाणाऱ्या एका गाडीवानाजवळ निरोप धाडला. बाला विचारलं नाही.

दादा दुपारच्या उन्हात आला. अंगणात पारिजातकाखाली उभा राहिला, आत येईना. बा ओट्यावर बसून त्याच्याकडे बघत होता आणि बघत नव्हता, कारण मेलेला माणूस दिसत नसतो. आतून मायने विचारलं, "कोन आलं?" मी म्हटलं, "दादा आला." तिने कानातले बोळे काढून टाकले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजपर्यंत दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. मी पाण्याचा गडवा भरून दादाच्या हातात दिला. तो उंबरठ्यावर गुडघे टेकून बसला आणि हात लांबवला. खाट दारालगतच होती. मायने मान उचलली, ओठ उघडले. आणि तिची नजर त्याच्या पागोट्यावर गेली. तिने ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं.

"तू मेला हाय रे बाप्पा," ती भिंतीशी बोलत असल्यासारखी म्हणाली. "म्या माया हातानं तुया पुतळ्याचं पीठ मळलं. मेलेल्याच्या हातचं पानी पेऊन मी कोठी जाऊ? आदी जित्ता हो. मंग पाज."

बाच्या बाबतीत मला नवल वाटलं नव्हतं. पंचांचं तर नाहीच. पण मायसुद्धा! जिने त्याला पोटात वाढवलं, जिचा जीव त्याच्यात अडकून शरीर सोडत नव्हता, तिनेसुद्धा अट घातली. जगात सगळीकडे आईच्या मायेचे गोडवे गातात, तेव्हा मी उठून बाहेर जाते. तिचं प्रेम खोटं नव्हतं, ते मी पाहिलं आहे. पण त्या प्रेमाला कुंपण होतं आणि ते ओलांडायची ताकद तिच्यात नव्हती, मरतानाही नव्हती. त्या दिवशी मी मायवर जेवढी चिडले तेवढी बावरही कधी चिडले नाही.

दादा चिडला नाही. त्याने गडवा माझ्या हातात दिला आणि पंचांचा म्होरक्या आनाजी, त्याच्या घरी चालत गेला. मी मागोमाग, आणि माझ्यामागे अंतर ठेवून बाही. आनाजी अंगाने भरलेला माणूस, त्या सालात त्याच्या दोन्ही हातांत चांदीची कडी आली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जातीत परत यायला काय काय करावं लागतं ते सांगितलं. डोकं भादरायचं, पंचगव्य घ्यायचं, जिभेला तापलेलं सोनं लावायचं, आणि जातीला पंगत द्यायची. पंगत उठली की मग घरात पाय ठेवायचा, अगोदर नाही.

"माय तोवर टिकनार नाई, काका. आदी पानी पाजू द्या. मंग तुमी म्हनान ते."

"रीत हाय ते रीत हाय. आन त्या गोऱ्याचा देव सोडला म्हनून चारचौघांत सांगा लागन."

दादा म्हणाला, "डोकं भादरा. शेन खाऊ घाला, खातो. जीभ जाळा. पन तो देव मी कसा सोडू? मी त्याले धरलंच नाई, काका. त्यानंच मले धरून ठेवलं. मी सोडतो म्हनीन, पन तो सोडनार नाई."

आनाजीने इकडेतिकडे पाहिलं. नाही म्हणावं तर पंगत बुडत होती. तो जरा खाकरला आणि बाला म्हणाला, "वांगे कोठून आनान?" कारण गावात तर एकही वांगं उरलं नव्हतं, सगळीकडे कापूस. रोडगे, वरण आणि वांग्याच्या भाजीशिवाय आमच्याकडे पंगत होत नाही. बाने गाडी जुंपून अमरावतीला माणूस पाठवला. जो बा एका वर्षापूर्वी फळं लागलेली वांगी उपटत होता त्याने वांग्यासाठी गाडी पाठवली, आणि माझी माय आत पाण्यावाचून पडली.

हो, पाण्यावाचून. दादा आल्यापासून तिने दुसऱ्या कोणाच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी ओलं फडकं तिच्या ओठांना लावायला गेले तर तिने दात आवळून धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला अंगणात बसवून न्हाव्याने डोकं केलं. शेंडीच्या जागी केस आखूडच होते, तेवढा झुपका ठेवला, तो बघून पोरं हसली. पंचगव्य त्याने ओंजळीने घेतलं. मग सोन्याची तार तापवून जिभेला लावली तेव्हा जो आवाज आला, पाणी तव्यावर पडल्यासारखा, तो ऐकून आतून मायने हाक मारली, "झालं का?" झालं नव्हतं. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे होते. पंगत बसायची होती. बसली. बा तुपाचा तांब्या घेऊन वाढत फिरत होता. मी दारात उभी राहून एकीकडे मायच्या वाळलेल्या ओठांकडे आणि एकीकडे पंगतीकडे बघत होते. आनाजीने रोडगा कुस्करून मध्ये आळं केलं आणि बाला म्हणाला, "येऊ द्या अजून. पोरगा जित्ता झाला, हात आखडता काहून घेता?" सगळे हसले. त्यांना घाई नव्हती. कोणी दुसऱ्यांदा वांगी मागितली, कोणी वरणात मीठ कमी आहे म्हणालं. दादा पंगतीत बसला होता, कारण त्याने बसणं हाच पुरावा होता, आणि जळलेल्या जिभेने रोडग्याचा घास गिळत होता. मी ठरवून ठेवलं होतं की मोठी झाले की या माणसांच्या ताटात माती कालवेन. मोठी झाले तेव्हा त्यांतलं कोणी उरलं नव्हतं.

पंगत उठली. दादा आत आला. आता त्याला "माय" म्हणता येत नव्हतं, जीभ सुजली होती. नुसता हुंकार निघाला. मायने डोळे उघडले, त्याचं भादरलेलं डोकं पाहिलं, झुपक्यावरून हात फिरवला. तो पाणी पाजत गेला आणि ती पीत गेली, गटागटा, लहान पोरासारखी, अर्धं गळ्यावर सांडत. मग म्हणाली, "आता आला माया किसना." म्हणजे कालपासून उन्हात उभा होता तो कोण होता? संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास ती गेली. तृप्त गेली, एवढं मी कबूल करते.

मायचे दिवस होईस्तोवर दादा राहिला. जीभ बरी होत आली. मग त्याने बाला सांगितलं की मी अकोल्याला परत जातो, पण येत जाईन. बा म्हणाला, "गेला तं पुन्ना मेला. आन सगुने, तू त्याच्याशी एक सबद बोलली तं तुयं बी पीठ मळतो." मी तिथेच दादाला म्हटलं, "दादा, थांब, मी येतो." त्या एका वाक्याने माझं माहेर संपलं. बाने माझा पुतळा केला की नाही ते मी कधी विचारलं नाही. पीठ मळायला घरात बाई कुठे होती?

अकोल्याला साहेबाने दादाला पाहिलं आणि मिठी मारली. खोटं कशाला सांगू, तो माणूस दुष्ट नव्हता. दादाच्या जिभेवरचा डाग बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मडमेने मला नवं लुगडं दिलं, चूल मांडायला त्यांच्या देवळामागची खोली दिली. मला वाटलं, पोचलो. मग दादाने, न विचारता, सगळं सांगितलं. भादरलेलं डोकं काय, आई गेल्यावर कोणीही भादरतो, साहेबाने खोदून विचारलं नसतं. पण दादाला लपवता येत नसे, हा त्याचा जन्माचा दोष. साहेब ऐकत गेला आणि त्याचा चेहरा बंद होत गेला. त्याचं मराठी पोथीतलं होतं. तो म्हणाला, "किसना, तुजवर माझी फार प्रीती आहे. परंतु तू मूर्तिपूजकांचे प्रायश्चित्त घेतलेस. मंडळीपुढे उभा राहून हे पातक कबूल करीत नाहीस तोवर मी तुला प्रभुभोजनास बसवू शकत नाही."

दादा म्हणाला, "साहेब, माये पाप लय हायत. ते समदे सांगतो. पन मायले पानी पाजलं त्याले पाप नाई म्हननार."

"पाण्याविषयी मी बोलत नाही. त्या अटीविषयी बोलतो."

"अटीबिगर ते पेत नोती, साहेब. तिच्यानं अट सुटत नोती, म्हनून म्या उचलली."

साहेबाने मान हलवली. मी मध्येच विचारलं, माझी माय कुठे गेली? त्याने खाली बघत सांगितलं की ती विश्वासावाचून मेली, तिच्याविषयी मी तुला आशा देऊ शकत नाही. किती दुःखाने सांगितलं! या सगळ्या माणसांचं मला हेच कळत नाही, दार लावताना यांना इतकं रडू कसं येतं.

रविवार आला. आमचं देऊळ म्हणजे कौलारू लांब खोली, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मी मागे बसले होते. प्रवचन झालं, देवाच्या प्रेमावरच झालं, दुसरं कशावर होणार? मग प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाची भाकर आणि प्याला. साहेब भाकरीची ताटली घेऊन ओळीने देत निघाला. दादा पहिल्या ओळीत बसला होता. त्याला कोणी तिथे बसायला सांगितलं नव्हतं आणि उठायलाही. त्याने दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे धरले. साहेब त्याच्यापाशी थांबला, त्याच्याकडे पाहिलं, आणि शेजारच्याला भाकर देऊन पुढे गेला. दादाचे हात तसेच. मग प्याला आला. साहेब पुन्हा थांबला आणि पुन्हा पुढे गेला. दादाने हात मागे घेतले नाहीत.

माझ्या डोळ्यांपुढे आनाजीची पंगत आली आणि मी उभी राहिले.

"ए साहेबा!" मी ओरडले. साहेबाला तू म्हणणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. बाया माझं लुगडं ओढू लागल्या. "हे जेवन तुयं हाय का तुया देवाचं? त्याचं असन तं तू काहून चाळून राहिला? आनाजीनं जीभ जाळली, पन मंग पानावर तं बसवलं! माय माही अडानी होती. तिनं अट घातली तं अडानी होती म्हनून घातली. तू तं पोथी वाचतं. रोज वाचून दाखवतं, अट नाई, अट नाई म्हनून. मंग हे काय करून राहिला? त्याची जीभ पाह्य! एकदा मायसाठी जाळून घेतली त्यानं, आता तुयासाठी कितीकदा जाळून घ्यावी?"

साहेबाने प्याला खाली ठेवला. तो पांढराफटक पडला होता, पण आवाज चढवला नाही. "या मुलीला बाहेर न्यावे," एवढंच म्हणाला. दादा उठला, त्यानेच माझा हात धरला आणि मला बाहेर नेलं. मागे साहेबाने गाणं सुरू केलं आणि मंडळी गाऊ लागली.

बाहेर कडुनिंबाखाली मी हात सोडवून घेतला. मी म्हटलं, "दादा, चाल येथून. हे बी आनाजीच हायत. गोरे आनाजी."

तो म्हणाला, "मी साहेबाच्या बोलावन्यावर आलो नाई, सगुने. ज्यानं बोलावलं त्यानं मले बाहेर काढलं नाई. कोनालेच काढत नाई तो. मायले बी काढलं नसन."

"आन साहेबाले?"

"साहेबाले बी नाई."

"बाले? आनाजीले?"

"त्याईले बी. समद्याईले घेते. तेच तं हाय."

मला वाटलं होतं तो निदान एवढं तरी म्हणेल की देव त्यांना बघून घेईल. मायला तहानेलं ठेवून तूप ओरपणाऱ्यालाही तोच देव, त्याच भाकरीने, काही न विचारता? माझा संताप डोक्यात गेला. मी म्हटलं, "असा कसा देव हाय तुया? त्याले काईच लागत नाई? मले नाई पायजे असा देव!"

दादाने पागोटं काढून भादरलेलं डोकं पुसलं. म्हणाला, "तुले नसन पायजे. तू पायजे त्याले."

तो साहेब असेतोवर दादा दर प्रभुभोजनाला पहिल्या ओळीत बसून हात पुढे करायचा आणि साहेब दर खेपेला पुढे जायचा. साहेब मायदेशी निघाला तेव्हा दादाच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडला. भाकर मात्र दिली नाही. त्याच्यानंतर आलेल्या साहेबाने काही विचारलं नाही, ताटली समोर धरली. बाप्तिस्मा मी त्या दुसऱ्या साहेबाच्या हातून घेतला, फार उशिराने, आणि तोही देवाशी भांडण मिटलं म्हणून नव्हे.

दादा जाऊन खूप काळ लोटला. साहेब, आनाजी, बा, सगळेच गेले आणि दादाचं खरं असेल तर सगळे एकाच पंगतीला बसलेले असतील. मला तिथे जायचं आहे, माझी माय तिथे आहे. पण अजूनही भाकर हातात पडली की मी डोळे मिटते आणि त्या देवाला म्हणते, घे बाबा त्यांना आत, तुझं घर आहे. फक्त आत घेण्याआधी प्रत्येकाला माझ्या दादाची माफी मागायला लाव. एवढी एक अट घाल. माझ्यासाठी घाल. इतकी वर्षं मागते आहे. तो घालत नाही.